धरणगावची कवायत : १८२५ सालचे एक प्रशिक्षण आणि ‘शिकण्याच्या शैली’चा प्रश्न (थ्रेड)

१८२५ साली मालेगावच्या छावणीतील जेम्स औट्रम नावाच्या २२ वर्षांच्या लेफ्टनंटकडे एक काम सोपवण्यात आले. ज्यांचा पाठलाग करत कंपनी सरकारच्या तुकड्या गेली सात वर्षे सातपुडा आणि सातमाळ्याचे डोंगर पालथे घालत होत्या, त्याच भिल्लांमधून त्याला एक पलटण उभी करायची होती. कवायत शिकलेली, बंदूक चालवणारी आणि हुकूम मानणारी पलटण. ज्या माणसांच्या लेखी शिपाई म्हणजे जीव घ्यायला आलेला माणूस, त्यांनाच शिपाई करायचे होते. आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे झाले.

आज कुठल्याही कारखान्यात किंवा कार्यालयात प्रशिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून, कोणी हाताने करून. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये ही चार खणांची मांडणी लोकप्रिय केली. तेव्हापासून प्रश्नावली भरून घेऊन कर्मचाऱ्यांना या खणांत बसवण्याचा प्रघातच पडला आहे. खानदेशच्या भिल्ल पलटणीची हकिकत या मांडणीचे जुने उदाहरण म्हणून सहज खपून जाईल : रानात वाढलेल्या माणसांना त्यांच्या स्वभावाला साजेल असे, शिकारीतून आणि सहवासातून शिकवले, म्हणून ती शिकली. इंग्रज अधिकाऱ्यांनीही ती हकिकत बऱ्याच अंशी अशीच लिहून ठेवली आहे. परंतु घटनाक्रम नीट लावून पाहिला की त्यातून निराळेच काही निघते.

आधी पार्श्वभूमी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा तो जवळजवळ उजाड होता. १८०२ ते १८०४ या काळात होळकरांच्या फौजांची लूट आणि त्यापाठोपाठ पडलेला भयंकर दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. त्याआधी खानदेशातील पुष्कळ भिल्ल गावगाड्याचा भाग होते. गावाची राखण करणारा जागल्या बहुधा भिल्लच असे आणि त्याबद्दल त्याला हक्काचे धान्य मिळे. गाव उठले तसा तो हक्कही गेला. पोटासाठी डोंगरात शिरलेली ही माणसे मग वाटा अडवू लागली. त्यावर पेशव्यांच्या अंमलदारांनी योजलेला उपाय म्हणजे कत्तल. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावी भिल्लांना बोलणी करण्याच्या निमित्ताने जमवून दग्याने मारल्याची आठवण त्या पिढीत ताजी होती. सरकारने ‘या’ म्हणावे आणि भिल्लाने जावे, याचा शेवट काय होतो हे डोंगरातल्या प्रत्येक पाड्याला ठाऊक होते.

कंपनीचा खानदेशातील पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे केले आणि दुहेरी धोरण चालवले. एकीकडे डोंगरात तुकड्या धाडायच्या आणि भिल्लांची रसद तोडायची. दुसरीकडे शरण येणाऱ्या नाईकांना नेमणूक बांधून देऊन घाटांची राखण त्यांच्याकडे सोपवायची. काही नाईक आले आणि काही दिवसांनी पुन्हा डोंगरात गेले. अनेक शिपाई लढाईपेक्षा तापानेच मेले. सात वर्षांत प्रदेश शांत झाला नाही.

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. त्यांचे काम भिल्लांना जमीन, बैल, बियाणे आणि तगाई देऊन स्थिर करण्याचे होते. त्याच्या जोडीला पलटणीची कल्पना आली. ती अगदीच नवी नव्हती. बंगालमध्ये ऑगस्टस क्लीव्हलँडने राजमहालच्या पहाडियांचे दल १७८० च्या सुमारास उभारले होते आणि राजपुतान्यात कॅप्टन हॉलने १८२२ मध्ये मेरवाड्यात तसाच प्रयोग केला होता. दोन्ही ठिकाणी हिशेब सरळ होता : डोंगरातल्या माणसाला डोंगरातलाच माणूस शोधू शकतो, आणि पगार मिळाला की तो लूट करत नाही. या हिशेबात परोपकाराचा भाग किती होता याविषयी भाबडेपणा नको.

आता तेव्हाच्या पलटणीत माणूस कसा घडवत हे पाहू. नवा रंगरूट कवायतीच्या हवालदाराच्या हाती दिला जाई. उघड्या मैदानावर रांगेत उभे राहणे, पाऊल मिळवणे, वळणे, थांबणे. हुकूम इंग्रजी शब्दांचे. अर्थ कळो न कळो, त्या ध्वनीसरशी अंग हलले पाहिजे. मग चकमकीची बंदूक. काडतूस दाताने फोडायचे, दारू ओतायची, गजाने ठासायची, नेम धरायचा. यातली प्रत्येक हालचाल सुटी करून, ठरावीक क्रमाने शेकडो वेळा करून घेतली जाई, कारण धूर आणि गोंधळ यांच्यात विचार करायला सवड नसते. चुकणाऱ्याला सर्वांदेखत शिक्षा होई. हे प्रशिक्षण एक गोष्ट गृहीत धरून चालत असे : समोरचा माणूस स्वेच्छेने भरती झाला आहे, पलटणीत त्याचे भाऊबंद आहेत आणि शिपाईगिरीला त्याच्या समाजात मान आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करातील बहुतेक जातींच्या बाबतीत हे खरेही होते.

भिल्लांच्या बाबतीत यातले काहीच खरे नव्हते. तीरकमठा खाली ठेवून उघड्या मैदानात रांगेत उभे राहणे, आजूबाजूला बंदुका घेतलेले परके शिपाई. कोपरगावची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ लागणार. कवायत कळण्याचा प्रश्न पुढचा होता. आधी मैदानावर उभे राहायला माणूस मिळायला हवा होता.

आणि हा माणूस काही अनाडी नव्हता. जागल्याची विद्या पाहण्यासारखी आहे. चोरी झाली की तो धुळीतला, गवतातला, ओढ्याकाठचा माग काढत निघे. पाऊल अनवाणी की वहाणेचे, ओझे घेतलेले की रिकामे, हे तो ओळखे. माग गावाच्या शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. तिथून चोर शोधण्याची जबाबदारी त्या गावाची. ही विद्या बापाबरोबर फिरत, वर्षानुवर्षे पाहत आणि चुकत मिळवलेली असे. तिच्यात निरीक्षण होते, तर्क होता, आणि माग शिवेवर हवाली करण्याची शिस्तही होती. खरे तर सैन्याला डोंगरात नेमके जे हवे होते त्यातले अर्धे भिल्लांजवळ आधीच होते. तरीही त्या काळच्या कागदांत ‘रानटी’ हा शब्द पानोपानी भेटतो.

औट्रमने सुरुवात प्रेमाने केली नाही, बळाने केली. सोबतच्या तुकडीनिशी त्याने डोंगरातल्या एका आश्रयस्थानावर अचानक हल्ला केला आणि माणसे पकडली. त्या कैद्यांपैकी एकाला त्याने सोडले ते एका बोलीवर : इतरांच्या नातलगांना घेऊन ये, मग सर्वांनाच मोकळे करतो. त्या धाग्यावरून नाईकांशी बोलणी सुरू झाली. पुढे तो पहारा न घेता एकटा त्यांच्याबरोबर रानात गेला आणि त्यांच्यात राहिला. ब्रँडी पाजूनही त्याने मने वळवली, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे. या सगळ्या खटपटीचे पहिले फळ म्हणजे पाच माणसे. पाच! परंतु हे पाच आले म्हणजे पुढचे काम झालेच, असे त्याला वाटले, आणि त्याचा हा अंदाज चुकला नाही.

याच दिवसांतली वाघाची एक कथा त्याच्या चरित्रात येते. चिमा नावाच्या शिकाऱ्याने निवडुंगाच्या जाळीत वाघ असल्याची खबर आणली. औट्रम पायीच आत शिरला. वाघाने झडप घातली, दोघेही उतारावरून गडगडत खाली आले आणि त्याने पिस्तुलाने वाघाला मारले. जखमांबद्दल हळहळणाऱ्या भिल्लांना त्याने, मांजराने बोचकारल्याचे काय एवढे, अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि ते वाक्य डोंगरात पुढे कित्येक वर्षे सांगितले जात होते. कथा फुगवलेली असू शकते. वीरांच्या चरित्रांत असे वाघ फार असतात. पण तिच्यातला एक तपशील सहसा लक्षात घेतला जात नाही. वाघ कुठे आहे हे चिमाला ठाऊक होते, औट्रमला नव्हते. शिकारीत भिल्ल सांगत होते आणि साहेब ऐकत होता. कवायतीच्या मैदानावर उद्या जो हुकूम देणार, तो आज रानात विद्यार्थी होता आणि आपला जीव त्यांच्या ज्ञानावर सोपवत होता. शिकणारा आणि शिकवणारा यांच्या जागा अशा अदलाबदलीने ठरल्या, तर पुढे मैदानावर हुकूम ऐकण्यात तितकी मानखंडना उरत नाही.

धरणगावी भरती सुरू झाली ती हळूहळू. पलटण स्थानिक असल्यामुळे घरदार आणि डोंगर यांपासून फार दूर जायचे नव्हते. तरीही संशय गेला नव्हता. सगळ्यांना एका जागी गोळा करून एकदमच संपवण्याचा हा बेत असावा, ही शंका इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर वेडगळ म्हणता येत नाही.

मग मालेगावचा प्रसंग घडला. या थ्रेडचे मर्म त्यात आहे. औट्रम आपले नवे शिपाई घेऊन मालेगावच्या छावणीत गेला. तिथे त्याची मूळची पलटण, मुंबई पायदळाची २३ वी रेजिमेंट होती. तिच्यात वरच्या मानल्या गेलेल्या जातींचे पुष्कळ शिपाई होते आणि काल-परवापर्यंत ते याच भिल्लांच्या मागावर डोंगरात फिरत होते. टवाळी होईल, अंतर राखले जाईल, ही भीती स्वाभाविक होती. तसे घडले नाही. औट्रमच्या पत्रातील वर्णनानुसार जुन्या शिपायांनी भिल्लांना आपल्यात बसवून घेतले, खाऊपिऊ घातले आणि लहानमोठ्या सर्वांनी त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने, शिपाईबंधू म्हणून बोलणी केली. औट्रमने आधी आपल्या लोकांना बजावून ठेवले असेलच. तो त्या पलटणीचा अ‍ॅज्युटंट राहिलेला होता. पण आतून मान्य नसताना जेवणाच्या पंगतीपर्यंत हुकूम पोहोचत नाही, हे भारतातील जातिव्यवस्था जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

परिणाम औट्रमलाही अनपेक्षित होता. परतल्यावर भिल्ल शिपायांनी त्याच्याकडे धोशा लावला, की या बंधूंच्या तोडीचे होईपर्यंत आम्हाला कवायतीतून विश्रांती देऊ नका.

कोणती कवायत? तीच. तेच मैदान, त्याच रांगा, तेच इंग्रजी हुकूम, तीच ठासणीची बंदूक. भिल्लांच्या ‘प्रकृतीला’ साजेशी म्हणून निराळी केलेली, खेळकर केलेली किंवा सोपी केलेली कवायत नव्हे. ज्या गोष्टीपासून पळून जाण्यासाठी माणसे रानात शिरत होती, तीच त्यांनी जास्तीची मागितली. दोन्हींच्या मध्ये माणसांची शिकण्याची शैली बदलली नव्हती. बदलले होते ते एवढेच की इथे मारले जाणार नाही याची खात्री पटली होती, आणि शिकून आपण कोणाच्या पंक्तीला बसणार आहोत हे डोळ्यांनी पाहिले होते.

मानसशास्त्राच्या अंगानेही हे तपासून पाहण्यासारखे आहे. २००८ मध्ये पॅशलर, मॅक्डॅनियल, रोहरर आणि बियॉर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शिकण्याच्या शैलींवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांनी कसोटी साधी ठेवली : ‘पाहून शिकणाऱ्या’ला दृश्य पद्धतीने आणि ‘ऐकून शिकणाऱ्या’ला श्राव्य पद्धतीने शिकवले, तर दोघांचेही शिकणे सुधारल्याचे दिसते का? तसे दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना जवळजवळ आढळला नाही. लोकांना आवडीनिवडी असतात; पण आवडीनुसार शिकवले म्हणून शिकणे सुधारते, हे सिद्ध झालेले नाही. फरक पडतो तो आधीच्या ज्ञानाने, सरावाने, आणि विषयाला साजेशा पद्धतीने. बंदूक ठासणे हाताने करूनच शिकावे लागते, मग शिकणारा पुण्याचा असो की यावलचा. माग काढणेही तसेच.

इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र हा धडा मालेगावहून घेता आला नाही. त्यांनी घेतलेला निष्कर्ष असा, की भिल्ल हा एका विशिष्ट स्वभावाचा प्राणी आहे : लहरी, भोळा, शूर, दारूबाज आणि एकदा जीव लावला की निष्ठावंत. त्याला कायद्याने नव्हे, व्यक्तीने जिंकायचे. भिल्ल एजन्सीत काम केलेल्या ग्रॅहमचा खानदेशातील भिल्लांवरील वृत्तांत आणि १८८० चे खानदेश गॅझेटियर यांत हा सूर ठळक आहे. वर्णन करता करता तो वर्गीकरण होतो आणि वर्गीकरण झाले की ते कामाचे वाटप ठरवू लागते. भिल्ल पहाऱ्याला चांगला, माग काढायला चांगला. म्हणजे कारकुनीला नाही, शाळेला नाही. शेतीची वसाहत एखाद्या ठिकाणी मोडली तर दोष स्वभावाचा, तगाईच्या वसुलीचा किंवा खराब जमिनीचा नाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या आणि ज्या रानाच्या ज्ञानाबद्दल भिल्लांची वाखाणणी होत होती, त्या रानातच त्यांचे पाऊल गुन्हा ठरू लागले. ‘हा अशाच पद्धतीने शिकतो’ असे म्हणणारे वाक्य ‘हा एवढेच शिकू शकतो’ या वाक्यापासून फार दूर नसते, हे खानदेशच्या दप्तरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

कंपनीच्या हिशेबाने प्रयोग मात्र यशस्वी झाला. पलटणीची संख्या काही वर्षांतच सहाशेच्या आसपास पोहोचली. वीस वर्षांत पहिल्यांदाच जिल्ह्याने सहा महिने स्वस्थतेचे पाहिले, असे जिल्हाधिकाऱ्यांनी १८२८ मध्ये कळवले. १८३० मध्ये औट्रम हीच पलटण घेऊन डांगात शिरला. १८३५ मध्ये तो खानदेश सोडून महीकांठ्याला गेला. मेवाडात १८४१ मध्ये उभ्या राहिलेल्या भिल्ल दलापुढे खानदेशचाच नमुना होता.

पण पलटणीचे काम काय होते? डोंगरात राहिलेल्या भिल्लांना पकडणे. पहिल्या दिवसापासून हेच काम होते आणि प्रशिक्षण कितीही माणुसकीने दिले तरी त्याने हे काम बदलत नव्हते. माणसाला आदराने शिकवता येते आणि शिकवून झाल्यावर त्याच्याच भाऊबंदांवर सोडताही येते. औट्रमच्या मनात या दोन गोष्टींत विसंगती नव्हती. आजच्या प्रशिक्षणाच्या साहित्यात पद्धतीबद्दल जितके लिहिले जाते, तितके शिकवलेले कशासाठी वापरले जाणार याबद्दल लिहिले जात नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

१८५७ उजाडले तेव्हा हा गुंता उघड्यावर आला. सातपुड्यातला खाज्या नाईक हा अनेक वर्षे कंपनीच्याच चाकरीत होता. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची राखण त्याच्याकडे होती. खजिन्याच्या गाड्या कुठे मंदावतात, पहारा कुठे विरळ होतो आणि कुठल्या वळणावर पळवाट आहे, हे त्याला राखणदार म्हणून ठाऊक होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्याच घाटात इंदूरहून येणारा सुमारे सात लाखांचा खजिना त्याच्या माणसांनी लुटला.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे लढाई झाली. एका बाजूला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल दगडांआडून लढत होते. कंपनीच्या फौजेत धरणगावची भिल्ल पलटण होती आणि तिचा प्रमुख कॅप्टन बर्च त्या दिवशी जखमी झाला. औट्रम तेव्हा जनरल झालेला. अंबापाणीला दोन्ही बाजूंना नाईक होते : एकीकडे तो टोळीचा मुखिया, दुसरीकडे पलटणीतला हुद्दा.